स्कूल बसला ड्रायव्हर का मिळत नाही? कोल्हापूरच्या पालकांचे, बसमालकांचे आणि ड्रायव्हर होऊ पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकांच्या ग्रुपवर मेसेज यायला लागतात: ड्रायव्हर नसल्यामुळे अमुक रूट पुढच्या सूचनेपर्यंत बंद, तमुक दोन रूट एकत्र केलेत, मुलांना पंधरा मिनिटं आधी स्टॉपवर आणा. मी एका शाळेच्या परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी आहे. तिथे आणि बाहेरही तेच तेच प्रश्न कानावर येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. कायद्याच्या गोष्टी कायद्याप्रमाणे सांगितल्या आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते माझं आहे हे वाचताना कळेलच.

ड्रायव्हर खरंच कमी आहेत का? गाडी तर आज घरोघरी चालवतात.

गाडी चालवणारे भरपूर आहेत. मोठी बस कायदेशीरपणे चालवू शकणारे आणि शाळेला चालतील असे कमी आहेत. कारचं लायसन्स आणि मोठ्या बसचं लायसन्स यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. एकेक पायरी वेगळी पाहिली तर ती रास्त वाटते. पण सगळ्या मिळून जो वेळ आणि पैसा जातो, तो आज एकट्या उमेदवाराच्या खिशातून जातो. शाळा, कंत्राटदार, पालक, कुणीच त्यात वाटा उचलत नाही आणि मग सगळे मिळून "तयार ड्रायव्हर" शोधत फिरतात. माझ्या मते टंचाईचं मूळ इथे आहे.

माझा मुलगा अठराचा झाला. कार उत्तम चालवतो. स्कूल बसवर कधी बसू शकेल?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे कारचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. परिवहन वाहन, म्हणजे ट्रान्सपोर्टची गाडी, वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. शाळेची स्वतःची बसदेखील कायद्याने परिवहन वाहनच आहे, मग ती भाड्याने फिरो वा न फिरो. दुसरी अट अशी की हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झाल्याशिवाय परिवहन वाहनाचं शिकाऊ लायसन्सही निघत नाही. चोविसाव्या वर्षी कारचं लायसन्स काढलेल्या माणसाला पंचवीसपर्यंत थांबावंच लागतं.

त्यानंतर शिकाऊ लायसन्स. त्याची मुदत सहा महिने, आणि ते निघाल्यापासून तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना ५ हे प्रमाणपत्र लागतं. कारसाठी घरच्या घरी शिकून थेट चाचणीला उभं राहता येतं, हेवीसाठी, म्हणजे मोठ्या, जड गाडीच्या लायसन्ससाठी, तसं चालत नाही.

हे सगळं झालं की लायसन्स हातात येतं, आणि तेव्हा शाळा विचारते, "अनुभव किती?" पाच वर्षं सांगितली तर मुलगा पंचविशी ओलांडतो. तेवढ्या वेळात तो शिरोलीच्या एमआयडीसीत नाहीतर एखाद्या मालवाहू गाडीवर स्थिरावलेला असतो. तिथून परत स्कूल बसकडे वळणारे फार थोडे.

हेवीची चाचणी फार अवघड असते का?

सराव असेल तर नाही. अडचण सरावाचीच आहे. चाचणीला त्या वर्गाची, चालू स्थितीतली गाडी उमेदवारालाच आणावी लागते. कार शेजाऱ्याची मिळते, बस कोण देणार? मग ड्रायव्हिंग स्कूलच्या मोठ्या गाडीवर भिस्त. गल्लोगल्ली ज्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्या दिसतात, त्यातल्या बहुतेक कार शिकवतात. मोठी गाडी, तिचं डिझेल, तिचं पासिंग आणि तिच्यावर शिकवणारा हेवीचा माणूस हे सगळं बाळगणारी स्कूल मोजकीच. राधानगरी किंवा आजऱ्याच्या मुलाला त्यासाठी शहरात येऊन राहावं लागतं नाहीतर रोज एसटीने ये-जा करावी लागते, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते.

चाचणीत नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावं लागतं. महिनाभर रोजगार सोडून आलेल्या माणसाला ते साठ दिवस परवडत नाहीत आणि तो नाद सोडून देतो.

एक सोय मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्ससाठी राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयाकडे अर्ज करायची मुभा कायद्याने दिली आहे. कोल्हापूरला चाचणीची तारीख लांबची मिळत असेल तर सांगलीचा विचार करायला हरकत नाही.

सरकारी फी किती? एजंट तर मोठा आकडा सांगतो.

केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये, चाचणीचे ३०० आणि असलेल्या लायसन्सवर नवा वर्ग वाढवायचे ५०० रुपये. म्हणजे हजाराच्या आतबाहेर. अर्ज सारथी पोर्टलवर स्वतः भरता येतो. खरा खर्च ड्रायव्हिंग स्कूलच्या फीचा आणि बुडालेल्या मजुरीचा असतो. फी माफ करा अशी मागणी अधूनमधून ऐकू येते, पण तिने फारसा फरक पडणार नाही.

आठवी पास असल्याशिवाय हेवी मिळत नाही ना?

ती अट २०१९ मध्ये काढून टाकली. तरी आजही खेड्यापाड्यांत चांगले चालवणारे "आपण सातवीच, आपल्याला कुठलं हेवी" म्हणून घरी बसलेले भेटतात. ओळखीत कुणी असं असेल तर त्याला हे नक्की सांगा.

छोट्या स्कूल बसलाही हेवीच लागतं का?

नाही, आणि या एका प्रश्नावरून सर्वांत जास्त गोंधळ होतो. कायद्यात साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी हलकं मोटार वाहन धरली जाते. असं हलकं वाहन परिवहनाचं असेल तर लायसन्सवर वेगळी नोंद लागते का, यावर बरीच वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात अशी वेगळी नोंद लागत नाही असं म्हटलं. विमा कंपन्यांना ते मान्य नव्हतं. प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलियान्झ विरुद्ध रंभादेवी या निकालात घटनापीठाने तेच मत कायम ठेवलं. एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेलं परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं.

आता हे आपल्या गाड्यांना लावून बघा. व्हॅन आणि ट्रॅव्हलरसारख्या मिनीबस बहुतेक या मर्यादेत बसतात. मोठी, चाळीस-पन्नास आसनांची बस बसत नाही, तिला परिवहन वाहनाचं लायसन्स हवंच. अंदाजावर जाऊ नका. आरसीवर एकूण वजनाचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. आसनं किती यावरून लायसन्स ठरत नाही.

तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडी शाळेच्या मालकीची नसून कंत्राटदाराची, भाड्याने चालणारी असेल तर ती सार्वजनिक सेवा वाहनात मोडते आणि तिथे बॅजचा, म्हणजे प्रवासी वाहन चालवायच्या वेगळ्या परवानगीचा, प्रश्न येतो. तो आरटीओत विचारून मिटवा, "निकाल लागलाय, आता काही लागत नाही" असं गृहीत धरू नका. दुसरं असं की कायद्याने चालत असलं तरी कार चालवायची सवय आणि वीस मुलं भरलेली मिनीबस रंकाळ्याच्या वळणावर पावसात सांभाळायची सवय या वेगळ्या आहेत. लायसन्स असलेल्या माणसालाही शाळेने आधी काही दिवस रिकाम्या गाडीवर, जुन्या ड्रायव्हरसोबत त्या रूटवर फिरवावं.

आमच्या ड्रायव्हरचं लायसन्स २०३५ पर्यंत आहे. मग आरटीओने गाडी का अडवली?

कार्डावर दोन तारखा असतात. एनटी म्हणजे खासगी वाहनांसाठीची मुदत आणि टीआर म्हणजे परिवहन वाहनांसाठीची. कारची मुदत वयाप्रमाणे लांब असते. परिवहनाची एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षं, २०१९ च्या आधी तर ती तीनच होती. मालक पहिली मोठी तारीख बघून निर्धास्त होतो आणि टीआरची कधीच उलटून गेलेली असते.

पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आज मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तो माणूस बिनलायसन्सचा. नूतनीकरणाचा अर्ज मात्र मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यावरही वर्षभर करता येतो. वर्ष उलटलं तर चाचणी परत द्यावी लागते. मग वरची सगळी कसरत नव्याने: गाडी आणा, तारीख घ्या, दिवस घालवा. वीस वर्षं बस चालवलेले कसलेले ड्रायव्हर या एका चुकलेल्या तारखेमुळे रस्त्यावरून कमी होतात, हे मला फार लागतं. नवीन माणूस तयार करायला जेवढा त्रास आहे, त्याच्या एक दशांशही त्रास असलेला माणूस टिकवायला नाही. प्रत्येक शाळेच्या ऑफिसात ड्रायव्हरांच्या टीआरच्या तारखांचा कागद भिंतीवर लावलेला असावा आणि सहा महिने आधी त्यांना एक दिवसाची पगारी सुट्टी देऊन आरटीओत पाठवावं. चाळिशीपुढच्या ड्रायव्हरांचे डोळे त्याच वेळी नीट तपासून होतात, हा वेगळा फायदा.

पाच वर्षांच्या अनुभवाची अट कुणी घातली?

तिचं मूळ १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात दिल्लीच्या वाहतुकीबद्दल दिलेल्या आदेशांत आहे. स्कूल बसच्या ड्रायव्हरला जड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, सिग्नल तोडणं किंवा लेन मोडणं अशा गुन्ह्यांसाठी वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा दंड झालेला नको, आणि अतिवेग, दारू पिऊन किंवा धोकादायक चालवणं यासाठी तर एकदाही नको, असं त्यात होतं. पुढे सीबीएसईने आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांत तेच धोरण घेतलं आणि इतर शाळाही नेमणूक करताना तोच निकष लावू लागल्या.

ही अट मला मान्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बालिंगा पुलाजवळ किंवा केर्लीच्या रस्त्यावर पाणी चढायला लागलं की गाडी कुठे थांबवायची, कुठून वळवायची, पालकांना कधी फोन करायचा, हे नवख्याला कळत नाही. फक्त अनुभव मागणाऱ्याने तो मिळायची सोयही करावी. सगळ्या शाळा अनुभवी माणूस मागतात आणि एकही शाळा अनुभव देत नाही, म्हणून अनुभव मिळतो तो खडी आणि ऊस वाहून.

पोलीस पडताळणीत किती दिवस जातात? ती गरजेची आहे का?

गरजेची आहे, तिथे तडजोड नको. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मुलांशी संबंध येणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांची, बसचालकांसह, काटेकोर तपासणी करायला सांगितलं. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो. पत्ते बदललेल्या किंवा बाहेरगावच्या माणसाला वेळ लागतो, म्हणून अर्ज मेमध्येच टाका. जूनच्या पहिल्या आठवड्यात नेमून "कागद येतायत" म्हणत गाडीवर बसवू नका.

ट्रकचे ड्रायव्हर एवढे आहेत. ते स्कूल बसवर का येत नाहीत?

त्यांच्या जागी बसून बघा. सकाळी साडेसहाला गाडी काढायची, नऊला मोकळं, दुपारी परत दोन-तीन तास. मधला वेळ ना घरचा ना कामाचा, आणि त्याचे पैसे नाहीत. दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी आली की अनेक ठिकाणी पगारही थांबतो. दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातले साखर कारखाने सुरू होतात. गळीत हंगामात ऊस वाहतुकीला माणूस हवाच असतो आणि पैसे रोख. दुधाचे टँकर बारा महिने चालतात. गोकुळ शिरगाव, कागलच्या कंपन्यांच्या बस आहेत, तिथे सुट्टीचे महिने नाहीत. हेवी लायसन्स असलेल्या माणसाला इतकी दारं उघडी असताना, सर्वांत जास्त जबाबदारी आणि सर्वांत कमी पगाराचं काम त्याने का धरावं? पालक म्हणून आपणही दहा महिन्यांचीच बस फी भरण्यावर अडून बसतो, तेव्हा ते दोन महिने कुणाच्या घरातून कमी होतात याचा विचार करत नाही.

निपाणीकडचा ड्रायव्हर मिळतोय, लायसन्स कर्नाटकचं आहे. चालेल?

चालेल. लायसन्स भारतभर वैध असतं. वर्ग आणि टीआरची तारीख तेवढी तपासा.

एसटी किंवा केएमटीतून (कोल्हापूरच्या शहर बससेवेतून) निवृत्त झालेले किंवा माजी सैनिक घेता येतील का?

जरूर घ्या. लायसन्सच्या कायद्यात वरच्या वयाची मर्यादा नाही, दर नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ज्याने गगनबावड्याचा घाट वर्षानुवर्षं रात्रीचा उतरवलाय, त्याच्या हातात मुलं देताना मला चिंता वाटत नाही. सैनिक टाकळीसारखी गावं आपल्या जिल्ह्यात आहेत, सैन्यात मोठी वाहनं चालवून आलेले कितीतरी जण गावी परतलेले असतात. त्यांच्या नागरी लायसन्सवर परिवहन वर्गाची नोंद आहे का, हे आधी पाहावं. अर्धवेळ काम, सकाळ-संध्याकाळची वेळ, गावातच राहणं हे सगळं या मंडळींना सोयीचं पडतं.

महिला ड्रायव्हरना काही वेगळी अट आहे का?

नाही. सगळ्या अटी सारख्याच. शिकवणाऱ्या जागा कमी आहेत आणि विचारणारे त्याहून कमी.

बाहेरच्या देशांत ही टंचाई आहे का?

अमेरिकेत मोठ्या प्रमाणात होती आणि तिथेही बोट लायसन्सकडेच दाखवलं गेलं. तिथे स्कूल बससाठी व्यावसायिक लायसन्स, शिवाय त्यावर प्रवासी आणि स्कूल बस अशा दोन वेगळ्या नोंदी लागतात. फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवारांना ठरावीक प्रशिक्षणही सक्तीचं झालं. चाचणीत बॉनेट उघडून इंजिनाचे भाग ओळखून दाखवायचा एक टप्पा होता. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय यंत्रणेने फक्त स्कूल बसच्या उमेदवारांसाठी तो टप्पा वगळायची मुभा राज्यांना दिली. बस बिघडली तर दुरुस्ती मेकॅनिक करतो, हे त्यामागचं कारण. रस्त्यावरची चाचणी आणि पार्श्वभूमीची तपासणी तशीच ठेवली. सवलत द्यायची तर कुठे द्यावी, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

मग आपल्याकडे अटी सैल कराव्यात का?

वय, वैद्यकीय तपासणी, नमुना ५, पोलीस पडताळणी यातली एकही अट सैल करू नये. सोपं करायचं तर मोठी गाडी शिकायची आणि चाचणी द्यायची सोय तालुक्याच्या जवळ आणावी. चाचणीसाठी शाळांनी सुट्टीच्या दिवशी आपली रिकामी बस द्यावी.

शाळा किंवा कंत्राटदार स्वतः काय करू शकतो?

आपल्याच गाडीवरचा माणूस तयार करू शकतो. प्रत्येक बसवर मदतनीस असतो. त्याला रूट माहीत, मुलं माहीत, कुठल्या मुलाला कुठल्या आजीच्या हातात द्यायचं हेही माहीत. त्याची पडताळणी झालेली असते. त्याला कारचं लायसन्स काढायला लावा. वर्षभराने हेवीच्या ड्रायव्हिंग स्कूलची फी भरा, ते दिवस पगारी धरा, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं काम करण्याचा साधा करार करा. पुढे छोट्या गाडीवर बसवा, मग मोठ्या. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या २०२१ च्या नियमांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवता येण्यासारखा. एका माणसावर होणारा हा खर्च बसमधल्या सगळ्या मुलांत वाटला तर किती पडेल, हे समितीच्या बैठकीत कागदावर मांडून बघा. पालक तयार होतात, फक्त त्यांना आकडा आणि कारण सांगावं लागतं.

ड्रायव्हर नाही म्हणून कुणीतरी "तात्पुरता" बसवलाय. बोलावं का?

बोलावं, त्याच दिवशी. योग्य लायसन्स नसताना चालवणाऱ्याला आणि त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला, दोघांनाही कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड आहे. अपघात झाला तर विम्याच्या भरपाईचा तिढा पडतो, आणि आधी भरपाई देऊन नंतर मालकाकडून वसूल करा असे आदेश न्यायालयं देतात. एका छोट्या कंत्राटदाराचा धंदा त्यात बुडतो.

आधी बसवाल्या मामांशी शांतपणे बोला, कारण पुष्कळदा त्यांच्यावरच वरून दबाव असतो. मग मुख्याध्यापकांना लेखी द्या. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधी तिच्यात असतो. बैठक कधी झाली आणि ड्रायव्हरांच्या लायसन्सची नोंदवही कुठे आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शाळेत दाद लागली नाही तर ताराराणी चौकातल्या आरटीओ कार्यालयात गाडीचा नंबर, रूट आणि वेळ लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या.